तबकडी आधी धुवा, मग संगणकात उतरवा

अंबाजोगाईचा जुना वाडा असो की परभणीतलं पत्र्याचं घर, माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेतून कधीतरी तबकड्यांची चळत निघते. वर दोन-चार मोठ्या एलपी (मिनिटाला ३३⅓ फेरे), मध्ये लहान ईपी (बहुधा ४५ फेरे) आणि तळाशी जड, हातातून सुटली की काचेसारखी फुटणारी अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. नाट्यगीतं, अभंग, कव्वाल्या, लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवर वाजून वाजून झिजलेली सिनेमाची गाणी. घरातलं जाणतं माणूस विचारतं, "हे मोबाइलमध्ये घेता येतं का रे?" येतं, आणि चांगलं येतं. फक्त एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा: संगणकातली फाइल हवी तितक्या वेळा सुधारता येते, पण झिजलेली खाच पुन्हा भरून येत नाही. म्हणून सगळी मेहनत सुई टेकवायच्या आधी करायची आणि मग ती बाजू एकदाच, नीट वाजवून घ्यायची.

खाच आणि पिन

एलपीच्या एका बाजूवर एकच सलग खाच असते, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. २२ मिनिटांच्या बाजूला तबकडी सुमारे ७३३ फेरे घेते. ती खाच सरळ उलगडली तर पावणेपाचशे मीटरच्या आसपास भरेल. आवाज खाचेच्या दोन भिंतींवर कोरलेला असतो. स्टीरिओ रेकॉर्डमध्ये डावीकडचा एका भिंतीवर, उजवीकडचा दुसऱ्या. हिऱ्याचं टोक, म्हणजे आपण जिला सर्रास पिन म्हणतो ती, या भिंतींना टेकून थरथरत पुढे जाते. पिन ज्यात बसवलेली असते त्या डबीतलं, म्हणजे कार्ट्रिजमधलं, चुंबक आणि कॉइल त्या थरथरीची वीज करतात. ही वीज जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट असते, हा आकडा पुढे कामाला येईल.

एलपीच्या पिनेच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अठ्ठ्याहत्तरची खाच बरीच रुंद, तिला ७५ मायक्रॉनची पिन लागते. एलपीची पिन त्या खाचेत टाकली तर ती भिंतींना न टेकता तळाशी जाऊन बसते. तळात पन्नास-साठ वर्षांची धूळ आणि जुन्या लोखंडी सुयांचा कीस साचलेला असतो, त्यामुळे गाण्यावर सतत खरखर येते. पुष्कळ लोक "रेकॉर्डच खराब आहे" म्हणून इथेच काम सोडतात. खरं तर पिन बदलली की त्याच तबकडीतून स्वच्छ आवाज येतो. अठ्ठ्याहत्तरच्या चार-पाचच रेकॉर्ड असतील तरी वेगळी पिन घ्या. या कामातला सगळ्यात वसूल होणारा खर्च तोच.

ट्रंकेत तबकड्यांबरोबर सुटकेससारखा जुना प्लेअर निघाला तर तो जपून ठेवा, पण या कामाला वापरू नका. त्यातलं सिरॅमिक कार्ट्रिज जड दाबानं चालतं आणि रबर कडक झालेलं असतं. शिवाय व्हॉल्व्हच्या काही जुन्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो, मेन्सचा करंट थेट चासीवर, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्यावर येतो. अशा सेटची वायर लॅपटॉपला जोडणं जिवावर बेतू शकतं. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी तर कधीच लावू नये; त्याचा साउंडबॉक्स आणि लोखंडी सुई एका फेऱ्यात खाच सोलून काढते.

आजच्या टर्नटेबलमध्ये, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरमध्ये, तीन गोष्टी बघा: पिन बदलता यावी, दाब मोजून लावता यावा आणि अठ्ठ्याहत्तरचा वेग असावा. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-१२०एक्समध्ये या तिन्ही आहेत. तिचा वेग क्वार्ट्झवर बांधलेला असतो, त्यामुळे घरच्या विजेत चढउतार झाला तरी सूर हलत नाही. त्याच कंपनीच्या स्वस्त एलपी-६०एक्सवर ३३ आणि ४५ हेच वेग मिळतात.

पिनेचा दाब कार्ट्रिजच्या कागदावर दिलेला असतो. व्हीएम-९५ई या नेहमीच्या कार्ट्रिजला २ ग्रॅम. टोनआर्मच्या, म्हणजे पिन धरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या वजनावरच्या आकड्यांवर विसंबू नका. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या आणि तबकडीच्या उंचीवर मोजा. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते, हा समज उलटा आहे. हलकी पिन मोठ्या आवाजाला खाचेत उड्या मारते आणि प्रत्येक उडीत भिंतीला टवका जातो.

धुणं: इथे वेळ द्या

मराठवाड्यातली धूळ बारीक असते. काळ्या मातीचा फुफाटा वर्षानुवर्षं कागदी पाकिटातूनही आत झिरपतो, त्यात पावसाळ्यातल्या ओलीची बुरशी भर घालते. कोरड्या फडक्यानं पुसलं की ही धूळ खाचेत आणखी घट्ट बसते आणि तबकडीवर स्थिर वीज चढते, ती उरलेली धूळ ओढून घेते. तेव्हा पुसायचं नाही, धुवायचं.

पाणी हा इथला सगळ्यात मोठा मुद्दा. बोअरचं पाणी जड असतं. ते वाळलं की नळाच्या तोटीवर जसा पांढरा थर बसतो तसाच खाचेत बसतो आणि टिकटिक वाढते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पाच लिटरच्या कॅनमध्ये कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं, ते आणा. एक लिटर पाण्यात बिनवासाच्या, बिनरंगाच्या भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. फेस आला तर जास्त झालं. साबणाचं काम घाण काढण्यापेक्षा पाण्याला खाचेत उतरवण्याचं असतं, कारण नुसतं पाणी प्लॅस्टिकवर मण्यांसारखं उभं राहतं.

टॉवेलवर तबकडी ठेवा, मधल्या लेबलवर प्लॅस्टिकचं गोल झाकण दाबून धरा. मऊ केसांचा नवा, रुंद ब्रश ओला करून खाचेच्या दिशेनं, म्हणजे गोल फिरवा. आडवा कधीच ओढू नका. तीन-चार फेऱ्यांत पाणी मातकट दिसायला लागतं. मग साबण निघून जाईपर्यंत निव्वळ डिस्टिल्ड पाण्यानं खळबळून घ्या. राहिलेला साबण पिनेच्या टोकावर मेणासारखा गोळा होतो आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला आवाज मंद होत जातो. वाळवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं उत्तम: तारांना सुती कापड गुंडाळा, तबकड्या ताटांसारख्या उभ्या लावा आणि पंखा बंद ठेवून तासभर तशाच राहू द्या. पंख्याखाली वाळवली की धुतलेली धूळ परत येते. धुतलेली रेकॉर्ड जुन्या पाकिटात घालू नका, नवं आतलं पाकीट घ्या.

हे झालं एलपी-ईपीचं. अठ्ठ्याहत्तरची बहुतेक तबकडी लाखेची असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर, आयसोप्रोपिल, स्पिरिट यांचा एक थेंबही तिच्यावर नको. चमकणारा पृष्ठभाग क्षणात पांढुरका होतो आणि गाणं जातं. तिला पाणी चालतं, पण भिजत ठेवणं चालत नाही. लाखेत दगडाची भुकटी आणि तंतू मिसळलेले असतात, ते पाणी पितात आणि बारीक तडे वाढतात. ब्रश, लगेच खळबळणं, लगेच टिपणं, दोन मिनिटांत काम संपवायचं. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर काळा लेप असलेली तबकडी निघाली आणि कडेला लेप सोलपटत असेल, तर तिला पाणी लावू नका, वाजवूही नका. ती बहुधा एकुलती एक प्रत असते. जाणकार संग्राहकाकडेच न्या.

रॉकेल, खोबरेल, फर्निचरचं पॉलिश असले उपाय पूर्वी चालायचे. त्यांनी खरखर दोन दिवस दबते, मग तेलाला धूळ चिकटून खाच बुजते.

वायरिंग आणि घरातली वीज

कार्ट्रिजमधून येणारे ३ ते ५ मिलिव्होल्ट शंभरपट वाढवल्याशिवाय कामाचे नाहीत. शिवाय एलपी कोरताना मुद्दाम खर्ज कमी आणि तार स्वर जास्त केलेले असतात. खर्ज होता तसा कोरला तर खाच इतकी डोलेल की शेजारच्या फेऱ्यात घुसेल. तार स्वर वाढवून कोरले की वाजवताना ते खाली आणता येतात आणि त्यांच्याबरोबर तबकडीची सरसरही खाली जाते. हा आरआयएए नावाचा नियम १९५४ सालापासून रूढ झाला. वाढवणं आणि हा उलटा हिशेब, दोन्ही कामं फोनो प्रीअँप करतो.

पुष्कळ टर्नटेबलमध्ये प्रीअँप आतच असतो आणि मागे फोनो-लाइन असं बटण असतं. बाहेरचा प्रीअँप लावला असेल तर बटण फोनोवर, नसेल तर लाइनवर. दोन प्रीअँप एकामागे एक लागले तर आवाज फाटतो आणि खर्ज घुमतो. एकही लागला नाही तर आवाज डबा वाजवल्यासारखा, पातळ आणि चिरका येतो. या दोन खुणा लक्षात ठेवल्या तर निम्म्या तक्रारी जागेवर सुटतात.

प्रीअँपमधून पुढे यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकाला कळेल अशा आकड्यांत बदलणारी डबी), तिथून लॅपटॉप. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका. ते एकाच चॅनलचं असतं आणि आवाज आपोआप कमी-जास्त करतं. आलाप मोठा आणि तान बारीक असं उलटंच ऐकू येतं.

घुंsss असा आवाज येत असेल तर तो मेन्सचा ५० हर्ट्झ आहे. आधी टर्नटेबलची अर्थची बारीक वायर प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट लावली आहे का बघा. मग लॅपटॉपचा चार्जर काढा. बहुतेक वेळा घुमणं तिथेच थांबतं, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर चालवूनच रेकॉर्डिंग घ्या. भारनियमनात घर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर गेलं की त्याची खुरखुर वायरीत शिरते, अशा वेळी थांबणंच बरं. फ्रिज, कूलर, बोअरची मोटर सुरू-बंद होताना फाइलमध्ये टक् असा ठिपका पडतो. सकाळी लवकर किंवा रात्री घर शांत असताना बसा.

कूलरचा एक वेगळा उपयोग आहे. फेब्रुवारी ते मे हवा इतकी कोरडी असते की पाकिटातून काढतानाच तबकडी चुरचुरते. ही स्थिर वीज वाजवताना टिकटिक करते. आधी अर्धा तास कूलर चालवून खोलीत ओलावा आणा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद करा. स्पीकर बंद ठेवून हेडफोनवरच ऐका, नाहीतर स्पीकरचा हादरा टेबलातून पिनेत परत जातो.

वेग

पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलचा वेग आधी तपासा. १८० रेघांचं स्ट्रोब चक्र छापून ताटलीवर ठेवा आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली बघा. ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, म्हणून ३३⅓ च्या बरोबर वेगाला रेघा उभ्या थांबलेल्या दिसतात. रेघा सरकत असतील तर सेकंदाला जितक्या रेघा सरकल्या तितके टक्के चूक. फिरण्याच्या दिशेनं सरकल्या तर वेग जास्त, उलट तर कमी. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हे दिसत नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या बाबतीत लेबलवरचा आकडा म्हणजे वेद नाही. जुन्या तबकड्या ७८ च्या थोड्या खाली-वरही कोरल्या जात. ८० ला कोरलेली रेकॉर्ड ७८ ला वाजवली तर सूर जवळजवळ पाव स्वर, म्हणजे ४४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग, त्यातला एक म्हणजे सेंट) उतरतो. पेटी शेजारी ठेवा आणि तबकडीत साथीला पेटी असेल तर तिच्याशी जुळवून बघा. तेव्हाची पेटी आजच्या पेटीशी तंतोतंत जुळेलच असं नाही, पण गळा ओढल्यासारखा किंवा चिमटल्यासारखा वाटतो की नाही हे कान सांगतो.

टर्नटेबलवर ७८ नसेल, किंवा तबकडी वाकडी असल्यानं पिन उडत असेल, तर ती ४५ वर वाजवून घ्या आणि ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ४५ वरून ७८ करा. तिथे हा पर्याय तयारच आहे. मात्र प्रीअँपनं लावलेला खर्ज-ताराचा हिशेब सगळा चुकीच्या जागी लागलेला असतो, तो नंतर कानानं दुरुस्त करावा लागतो. तसाही आरआयएए अठ्ठ्याहत्तरला पूर्ण बसत नाही. एचएमव्हीच्या विजेवर ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या तबकड्यांत खर्ज साधारण २५० हर्ट्झखालीच कमी केलेला असतो आणि तार स्वर वाढवलेले नसतात. त्यांना आरआयएए लावला की १० किलोहर्ट्झला सुमारे १४ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) उगाच कापले जातात आणि गायक घोंगडीआडून गातोय असं वाटतं. इक्वलायझरनं २ ते ६ किलोहर्ट्झचा पट्टा उचला. त्याच्या वर बहुतेक सरसरच असते, ती उचलण्यात अर्थ नाही.

रेकॉर्डिंग

ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. एलपीला ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई). अठ्ठ्याहत्तरला जागा असेल तर ९६ किलोहर्ट्झ, कारण टिकटिकीचे कोपरे जास्त बारकाईनं नोंदले जातात आणि काढायला सोपे जातात. ४८/२४ मध्ये मिनिटाला १७ एमबी, म्हणजे २२ मिनिटांच्या बाजूला ३८० एमबी लागतात. तबकडीत २४ बिटांइतका तपशील नसतोच. तरी २४ घ्यायचं, कारण आवाजाची पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. बाजूतला सगळ्यात जोरकस भाग उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, अठ्ठ्याहत्तरला उणे १० धरा. शून्याला टेकलेला आवाज कापला जातो, तो परत आणता येत नाही.

अठ्ठ्याहत्तर आणि काही जुन्या एलपी मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या, असल्या तरी स्टीरिओतच घ्या. दोन्ही भिंती सारख्या झिजलेल्या नसतात. नंतर दोन्ही चॅनल वेगवेगळे ऐकून चांगला तेवढा ठेवता येतो. दोन्ही बरे असतील तर मिसळा. त्या तबकड्यांत गाणं आडव्या थरथरीत असतं आणि खरखरीचा बराच भाग उभ्या थरथरीत, त्यामुळे मिसळताना गाणं टिकतं आणि उभी खरखर एकमेकींना मारून टाकते. पैशाशिवाय मिळणारी ही सगळ्यात चांगली सफाई.

गाणं सुरू होण्याआधीची रिकामी खाचही रेकॉर्ड करा, पुढे लागेल. पिन प्रत्येक बाजूआधी बारीक ब्रशनं मागून पुढे झटका. बाजूतलं शेवटचं गाणं जरा बोथट आणि फाटल्यासारखं आलं तर घाबरू नका. कडेला खाच पिनेखालून सेकंदाला अर्धा मीटर सरकते, आत वीस-बावीस सेंटिमीटरच. तितक्याच आवाजाला जागा कमी मिळते.

सफाईत गाणं मारू नका

मूळ फाइलला हात लावायचा नाही, आधी प्रत काढायची. टिकटिक काढणारं क्लिक रिमूव्हल अचानक उसळणारा प्रत्येक टोकदार आवाज शोधतं, आणि आपल्या संगीतात असे आवाज ठायी ठायी आहेत. तबल्याचा "ना", ढोलकीची थाप, भजनातले टाळ, चिपळ्या, घुंगरू. सॉफ्टवेअरच्या लेखी हे सगळे ओरखडेच. आकडा जास्त ठेवला की टाळांची किनार जाते आणि अभंग गोणपाटावर वाजवल्यासारखा होतो. तीन मिनिटांच्या अठ्ठ्याहत्तरला हे काम हातानं करा. लाट मोठी करून बघितली की ओरखडा एकटा, काट्यासारखा उभा दिसतो; तबल्याच्या बोलामागे मात्र लहरींची शेपटी असते. काट्यापुरती जागा निवडून "रिपेअर" दाबा. हे साधन एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंत चालतं.

नॉइज रिडक्शनला सरसरीचा नमुना द्यावा लागतो, तो त्या रिकाम्या खाचेतून घ्या. नमुन्यात तानपुऱ्याचा एक झंकार जरी आला तरी सॉफ्टवेअर तानपुऱ्यालाच घाण समजतं आणि पूर्ण गाण्याखालून जवारी पुसून टाकतं. कपात ६ डीबीपर्यंत ठेवा. १५-२० डीबी केलं की शांतता मिळते, पण गळ्याभोवती पाण्यात बोलल्यासारखी गुळगुळ येते. थोडी सरसर राहू द्या, कान दोन मिनिटांत तिला विसरतो.

फाइल, नाव आणि हक्क

मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. फ्लॅक काही न गमावता जागा बरीच वाचवतं. नातेवाइकांना पाठवायला एमपी३ करा, आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नावात लेबल, तबकडीचा क्रमांक, बाजू आणि वेग घाला. लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला बारीक क्रमांकही टिपून ठेवा. लेबल फाटलं असलं तरी त्यावरून ध्वनिमुद्रण ओळखता येतं. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये असू द्या. एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर, दुसरी पुण्या-मुंबईतल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे.

घरात ऐकण्यासाठी प्रत काढायला अडचण नाही. यूट्यूबवर चढवताना मात्र कायदा बघावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. तो संपला तरी शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे राहतात, ते कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. संतांच्या अभंगाचे शब्द मोकळे असतात, पण विसाव्या शतकात बांधलेली त्याची चाल मोकळी असेलच असं नाही.

काम झालं की तबकड्या परत माळ्यावर टाकू नका. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा पत्र्याखालचा माळा त्याहून कितीतरी तापतो, आणि आडव्या चळतीतली एलपी वरच्या वजनानं ताटलीसारखी वाकते. खालच्या मजल्यावर, उन्हाच्या भिंतीपासून लांब असलेल्या कपाटात त्या पुस्तकांसारख्या सरळ उभ्या लावा, आणि अठ्ठ्याहत्तरच्या खालच्या कप्प्यात ठेवा.